सुई न लागलेली गाठ

माझ्या सासूबाईंना हळू बोलता येत नाही. बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून मायक्रोफोनवरून गाड्यांच्या सूचना देण्यात त्यांची उमर गेली. घरात त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारणीने बरणी घेऊन धावत यावं, असा आवाज. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या सारख्या माझ्यावर चिडलेल्या असतात. मग कळलं की चिडल्यावर त्या याहून मोठ्यानं बोलतात.

स्टँडवर त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाईंची खोली फलाटांच्या वर, अर्ध्या जिन्यावर. तिथे एक फिरती खुर्ची आहे, ती आता फिरत नाही. टेबलावर मायक्रोफोन, टेलिफोन आणि लवंगांची डबी. समोरच्या काचेतून फाटक दिसतं. गाडी फाटकातून आत आली की मगच ती लागल्याचं सांगायचं, असा तिथला नियम आहे. सासूबाईंनी तो जन्मात पाळला नाही. मागच्या थांब्यावरून ‘गाडी निघाली’ असा फोन आला रे आला की या लगेच बटण दाबणार. “फलाट क्रमांक चारवर गाडी येत आहे, प्रवाशांनी तयार राहावं!” का, तर माणसं सामान आवरून उभी राहतात, खोळंबा होत नाही. बहुतेक वेळा गाडी यायचीही. पण कधी ती वाटेत बंद पडायची आणि पोरंबाळं, बोचकी, म्हातारी माणसं रिकाम्या फलाटावर ताटकळत बसायची. अशा वेळी चुकीची सूचना ज्याने दिली त्यानेच ती तीनदा दुरुस्त करायची, हा दुसरा नियम. तोही बाईंनी पाळला नाही. त्यांना नेमका त्याच वेळी खोकला यायचा, आणि माफी मागायचं काम कंट्रोलरच्या गळ्यात पडायचं. पुन्हा घरी येऊन हे सगळं त्या हसत हसत सांगायच्या.

तर, नोकरीतल्या नेहमीच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा गळा चाचपला आणि म्हणाले, “बाई, थायरॉइडला गाठ लागतेय. सोनोग्राफी करून घ्या.” एवढंच. पुढचं सगळं सासूबाईंनी आपल्या पदरचं घातलं. घरी येईपर्यंत त्या गाठीचा कॅन्सर झालेला होता. चहा उकळेपर्यंत तो पसरलासुद्धा. फोन घेऊन त्या खिडकीत बसल्या आणि एकेका नातेवाइकाला कळवत सुटल्या. “होय हो, गळ्यातच. माझा गळा, दुसरं काय जाणार माझं?” मी म्हटलं, “आई, अजून सोनोग्राफी व्हायची आहे. राईचा पर्वत कशाला करताय?” त्यांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, “सूनबाई, माणसं तयार राहिलेली बरी.”

सगळ्यांना फोन झाले. एकीला केला नाही, तिला बातमी बरोबर पोचली.

ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण. घरात तिला छोटी म्हणायचे, आम्ही मावशी म्हणतो, म्हणजे म्हणालो असतो, ती आमच्याकडे येत असती तर. दोघींचं बोलणं बंद होतं. त्यांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा मावशीनेच तिचं सगळं केलं. हगणं-मुतणं काढलं, रात्री जागवल्या, आपलं इस्त्रीचं दुकान बंद ठेवलं. सासूबाई सुट्टीच्या दिवशी जायच्या आणि दारातूनच सूचना द्यायच्या. हे औषध का नाही दिलं, ती उशी का नाही बदलली. आई गेली त्या दिवशी तर भरल्या घरात त्या म्हणाल्या, “मला वेळेवर कळवलं असतंस तर आई वाचली असती.” मावशी काही बोलली नाही. त्यानंतर पुढे कधीच बोलली नाही.

आणि आता तीच मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभी. हातात पिशवी, गळ्याभोवती सुती रुमाल. इस्त्रीच्या धगीनं घाम येतो म्हणून तो रुमाल बांधायची तिला सवय. सासूबाईंना बघून ती एवढंच म्हणाली, “ताई, मी आले आहे. आता तू काही करायचं नाहीस.” आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिने बाह्या सरसावल्या.

सासूबाई रडल्या. अगदी खऱ्या रडल्या, हे मला सांगायलाच हवं. नाटकी बाई आहे, पण ते रडणं नाटकातलं नव्हतं.

सोनोग्राफीला मी त्यांच्याबरोबर गेले. मावशी घरी थांबली, ताईला आल्यावर गरम काहीतरी मिळावं म्हणून. अंधारी खोली, पडदा, त्यामागे एक अरुंद पलंग. मानेखाली उशी देऊन त्यांना आडवं केलं, गळ्यावर गार जेल लावलं. डॉक्टर मॅडम वयाने तरुण, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं मोजकं. त्या गळ्यावर यंत्राची मूठ फिरवत राहिल्या आणि सासूबाई त्या बिचाऱ्यांना विचारत राहिल्या, “किती दिवस आहेत? खरं सांगा. मी घट्ट मनाची आहे.”

“दिवस कसले?” मॅडम म्हणाल्या. “साधी गाठ आहे.”

त्यांनी यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. करड्या रंगात एक गोलसर लिंबाएवढं काहीतरी, आणि त्यात बारीक बारीक काळ्या पोकळ्या. “बघा, भांडी घासायचा स्पंज कापला तर आतून असाच दिसतो ना? या पोकळ्यांमध्ये पाणी आहे. कड सगळीकडून साफ. अशा गाठीला आम्ही तपासणीची सुईसुद्धा लावत नाही.”

“पण एवढी मोठी आहे की!” सासूबाई जवळजवळ भांडल्याच.

“नुसत्या मोठेपणावर ठरत नाही ते. आधी दिसते कशी ते बघतो. बऱ्याच जणांच्या गळ्यात अशा गाठी असतात. सगळ्यांना सुया टोचत बसलो तर उगाच माणसं घाबरतील आणि हाती काही लागणार नाही. सुई कुठे लावायची नाही, हे ठरवायलाच आम्ही इथे बसतो.” मग त्यांनी कागदाने गळा पुसला. “जा घरी. मजेत राहा.”

एखादी बाई नाचली असती. माझ्या सासूबाई पलंगावर तशाच बसून राहिल्या. त्यांचा चेहरा असा उतरला होता की आम्ही निघालो तेव्हा बाहेर बसलेल्यांनी आम्हाला हळूच वाट करून दिली. सगळ्या जगाला सांगून झालं होतं. आणि घरी छोटी काहीतरी गरम करून वाट बघत होती.

दारात मावशीने विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर, ताई?” मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी माझा हात धरला. घट्ट. आणि म्हणाल्या, “बघतायत. सुई लावायची की नाही ते ठरवतायत.”

शब्दाला शब्द लावला तर खोटंही नव्हतं. तिथे बसणारी माणसं तेच ठरवतात.

मी त्यांना मोरीत गाठलं. “आई, हे काय चाललंय?”

“सांगते गं. आज नको. आजच आली आहे ती. खरं कळलं तर उद्याच्या पहिल्या गाडीने जाईल आणि पुन्हा माझं तोंड बघणार नाही.”

“आज ना उद्या कळणारच ना?”

“उद्या सांगते,” त्या म्हणाल्या. आणि उद्या काही उजाडेना.

मावशीने आमचं घर हातात घेतलं. ताईसाठी मऊ, पचायला हलकं जेवण. ताईचे केस धुऊन देणं. ताईच्या पायाला तेल. आणि इस्त्री! घरातला एकही कपडा तिने सोडला नाही. पायपुसणीलासुद्धा घडी पडली. सासूबाईंना पाण्याचा पेला उचलू द्यायची नाही. त्या बिचाऱ्या गादीवर बसून सेवा करून घेत होत्या आणि दिवसागणिक खरंच आजारी दिसायला लागल्या होत्या. घास घशाखाली उतरेना. मावशीला वाटलं, गाठ दाबतेय. ती आणखी पातळ काहीतरी करून आणायची, आणि ते बघून यांना आणखी लाज वाटायची.

मावशीची लेक दुसऱ्या शहरात असते, तिचे दिवस भरत आले होते. मावशी तिच्याकडेच निघाली होती, तिकीटसुद्धा काढलं होतं, ते रद्द करून ती इकडे आली, हे आम्हाला नंतर कळलं. लेकीचा फोन यायचा. मावशी बाल्कनीत जाऊन दबक्या आवाजात बोलायची. “अगं, करतील शेजारच्या बायका तुझं. तुझ्या मावशीचं नक्की होऊ दे. मला आता तिला टाकून नाही येता येणार.” आतल्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. त्यांना सगळं ऐकू यायचं. मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाचे कान अधू असतील असं मला उगाच वाटायचं.

कळस झाला तो एका दुपारी. मावशी त्यांच्या केसांतून फणी फिरवत होती. मी भाजी निवडत होते. मावशी एकदम म्हणाली, “ताई, आईच्या वेळी तू बोललीस ते माझ्या जिव्हारी लागलं. पण मीही ते मनात धरून बसले. एवढी वर्षं तुझ्या दाराशी आले नाही. आता वाटतं, तुझं काही बरंवाईट झालं असतं तर? चुकलं माझं. मला माफ कर.”

सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्यांच्याकडे बघवेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण म्हणतो ना, तसं झालं होतं त्यांना. मावशीला वाटलं दुखतंय. ती म्हणाली, “फणी लागली का गं?”

संध्याकाळी मी स्वच्छ सांगितलं, “उद्यापर्यंत तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलणार. पोरगी तिकडे एकटी आहे.”

“सूनबाई, मी मार्ग काढलाय,” त्या म्हणाल्या. “उद्या जाऊन मॅडमना सांगते, मला सुई लावाच. एकदा टोचलं की रिपोर्ट येईल. चांगलाच येणार. मग म्हणेन, छोटे, वाचले बघ! कुणाचं काय जातंय?”

“गळा जातोय. तुमचाच.”

“त्याची तीच लायकी आहे,” त्या म्हणाल्या. हे त्या चेष्टेत म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मावशी हट्टाने बरोबर आली. पाण्याची बाटली, टॉवेल, ताईला चक्कर आली तर लिंबू, असा सगळा संसार पिशवीत. सासूबाई एकट्याच आत गेल्या. मी मुद्दामच गेले नाही. आम्ही दोघी बाकावर बसलो. थोड्याच वेळात आतून मॅडमचा आवाज आला, “बाई, तुमच्या समाधानासाठी मी सुई नाही लावणार!” दार उघडलं, सासूबाई बाहेर आल्या. अंगातलं सगळं अवसान गेलेलं.

मावशी उठून पुढे झाली. “काय झालं? कधी लावणार आहेत सुई?”

“सुई नाही,” सासूबाई म्हणाल्या.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ताईचा दंड धरला. “नाही म्हणजे? सुईच्याही पलीकडे गेलंय का गं?”

तेवढ्यावर सगळं थांबलं असतं तर अजून एक दिवस निभावला असता. पण मावशीचा तो चेहरा! तो बघून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. इथे खोकला काढून चालणार नव्हतं, दुरुस्ती करायला कंट्रोलरही नव्हता.

“मला काही झालेलं नाही, छोटे,” त्या म्हणाल्या. “साधी गाठ आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. मला सगळं माहीत होतं. तू निघून जाशील म्हणून बोलले नाही. तुझ्याकडून पाय दाबून घेतले. तुझी माफीसुद्धा ऐकून घेतली गं मी. मला काही झालेलं नाही.”

त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. तरी बाकावरच्या सगळ्यांना ते गेलंच, कारण त्यांचं हळू म्हणजे आपलं साधं बोलणं. सगळे खाली बघायला लागले. एक आजोबा तेवढे टक लावून बघत होते, त्यांच्या सुनेने त्यांना कोपराने ढोसलं.

मला वाटलं मावशी आता पिशवी उचलणार. तिने गळ्याचा रुमाल सोडला. डोळे पुसायला असेल म्हणून मी बघत होते, तर तिने सासूबाईंचं बोट धरून आपल्या गळ्यावर ठेवलं.

“इथे लागतंय?”

सासूबाईंचं बोट तिथेच राहिलं.

“बरेच महिने झाले,” मावशी म्हणाली. “दाखवायची भीती वाटायची. तुझं कळलं तेव्हा वाटलं, हिच्याबरोबर राहावं, हिला काय काय करतात ते बघावं, मग धीर झाला तर आपलं दाखवावं. मी काही नुसती तुझ्यासाठी नाही आले, ताई. लाज तर मला वाटत होती. तू एवढी आजारी आणि मी तुझ्याकडे बघून आपलं मोजत होते.”

सासूबाईंनी पुढे एक शब्द ऐकला नाही. बहिणीला मनगटाला धरून त्या तशाच आत घुसल्या. “मॅडम, माझं राहू दे. हिचं बघा.”

पुन्हा तीच उशी, तेच गार जेल. चष्मा वर सारून मॅडमनी मूठ एका जागी थांबवली, तिरकी केली, पुन्हा थांबवली. पडद्यावर मला दिसलं ते शेंगदाण्याएवढंच होतं. पण काळं. कड दातेरी. आडवं पसरण्याऐवजी उभं राहिलेलं, आणि आत मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके. पोकळ्या नावालाही नव्हत्या.

“ही छोटी आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण हिला सुई लावू या.”

आणि ज्या बाई एवढ्यात स्वतःसाठी सुईची भीक मागून आल्या होत्या त्यांनी मॅडमचा कोट धरला. “हिला नको. अहो, मला म्हणालात ना नको, तसं हिलाही म्हणा. माझी केवढी मोठी आहे बघा! मलाच लावा. दोनदा लावा.”

मॅडमनी त्यांचा हात सोडवला, पण हळूच. “बाई, तसं नाही करता येत.”

सुई दोन दिवसांनी लावली. बारीक सुई, मावशीने हूं की चूं केलं नाही. बाहेर सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. रिपोर्ट वाईटच आला. मॅडमनी समजावून सांगितलं की हा बहुतेक करून बरा होणारा प्रकार आहे, धावत सुटणारा नाही, ऑपरेशन करावं लागेल, पण थोडं थांबून केलं तर बिघडणार नाही. मावशीने एकच विचारलं, “लेक बाळंत होईपर्यंत चालेल?” मॅडम चालेल म्हणाल्या. त्याच आठवड्यात मावशी लेकीकडे गेली. जाताना तिने सासूबाईंना शपथ घातली नाही, दमही दिला नाही. फक्त म्हणाली, “तिला कळू देऊ नकोस, ताई. पोर घाबरेल. आणि उगाच चार ठिकाणी व्हायला नको.”

म्हणजे, आमच्या सासूबाईंना सांगितलं, तोंडाला कुलूप लाव!

आणि त्यांनी लावलं. स्टँडवर जो तो विचारायचा, “बाई, तुमच्या कॅन्सरचं काय झालं?” मग हसायचा. ड्रायव्हर लोकांनी तर खेळच केला. कुणाला शिंक आली की दुसरा म्हणणार, “बाईंना सांगा, सगळ्यांना कळवतील.” ज्यांनी ज्यांनी फोनवर हळहळ केली होती त्यांचे टोमणे वेगळेच. एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. त्या म्हणायच्या, “काही नव्हतं मला. बोंब मारली मी उगाच. हसा तुम्ही.” आणि काचेच्या खोलीत जाऊन बसायच्या. गाडी फाटकातून आत येईपर्यंत आता बटण दाबत नाहीत, असं कंट्रोलर मला म्हणाला. त्याला वाटतं, बाई म्हाताऱ्या झाल्या.

परवा मावशीच्या लेकीचा फोन आला. तिला मुलगी झाली. सगळं सुखरूप. सासूबाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मी ओटा पुसत होते. बाळाचं नाक कुणासारखं, केस किती, सगळं बोलून झालं. मग ती म्हणाली, “मावशी, एक विचारू? आई इथे बाळाला घेऊन सारखी रडते. विचारलं तर म्हणते, आनंदाने. खरं सांग, तुझं दुखणं परत उलटलंय का? माझ्यापासून लपवू नका.”

“माझं?” सासूबाई म्हणाल्या. “अगं, कसलं दुखणं! काही नव्हतंच मला. तोंडाळ तुझी मावशी, गावभर बोभाटा केला, आणि वर तुझ्या आईकडून पाय दाबून घेतले. लाज वाटते मला अजून. तूही हस.”

ती हसली. मग थांबून म्हणाली, “आणि आई? आई बरी आहे ना?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा एक हात गळ्याशी गेला होता, आपल्या त्या लिंबाएवढ्या गाठीवर. मग एकदम त्यांचा तो पूर्वीचा, स्टँडभर घुमणारा आवाज निघाला, की शेजारणीने खिडकीतून डोकावलं.

“तिला काय धाड भरलीय!”

फोन ठेवल्यावर त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली.